बिनदाराच्या गावची लेक

देवालाही हद्द असते का, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो विलायतेत, लीड्स नावाच्या शहरात, एका भाड्याच्या घराच्या बंद दाराकडे बघत बसले असताना. तोवर असले प्रश्न पडायची मला गरजच नव्हती. माझा जन्म शिंगणापूरचा. नेवासे तालुक्यातलं, सोनईजवळचं गाव. आता तिथे देशभरातून गाड्या येतात, पण माझ्या लहानपणी ते इतर खेड्यांसारखंच एक खेडं होतं, एक गोष्ट सोडली तर. आमच्या गावात घराला दार नसे. चौकट असे, उंबरा असे, पण फळ्या, कडी, कोयंडा यांतलं काही नाही. फार तर कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एखादी फळी टेकवायची, नाहीतर गोणपाटाचा पडदा सोडायचा. गावाची राखण शनिदेव करतो आणि दार बसवणं म्हणजे त्याच्या राखणीवर संशय घेणं, हे आमचं बाळकडू.

बाहेरचे लोक शनीचं नाव काढलं की कापतात. साडेसातीच्या धास्तीनं माणसं अंगठ्या घालतात, उपास करतात. आम्हाला मात्र तो आळीतल्या वडीलधाऱ्या माणसासारखा वाटे. वरून कडक, पण त्याच्या जिवावर सगळ्यांनी निर्धास्त झोपावं असा. माझ्या आईच्या पाटल्या कोनाड्यात पडलेल्या असायच्या आणि आम्ही सगळे शेतावर. शाळेत सोनईच्या मुली मला चिडवायच्या, "तुमच्यात चोर आला म्हंजी गं?" मी मान ताठ करून सांगायची, "येऊन तर दाखवू दे. चोरलं तर वेशीच्या भाईर पाऊल पडायचं न्हाई त्याचं." त्या गावची लेक म्हणून मला जो ताठा होता तो आजही आहे आणि तो मी लपवत नाही.

लग्न होऊन श्रीरामपूरला आले. सासरी दार होतं, चांगलं भक्कम सागवानी, पण ते लावायचं काम सासूबाईंचं. सकाळी उघडलं की रात्री निजानीज होईपर्यंत सताड उघडंच. घर माणसांनी भरलेलं, त्यामुळे कुलूप लावून सगळे बाहेर पडलेत असा प्रसंग मी कधी पाहिला नाही. म्हणजे लग्न होऊनही कुलूप-किल्लीशी माझी ओळख झाली नाही ती नाहीच. हे डॉक्टर. पुढच्या शिक्षणासाठी ते आधी विलायतेला गेले, तिथल्या एका दवाखान्यात नोकरीला लागले आणि आमचा विजू काही महिन्यांचा झाल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. एकाहत्तर-बहात्तरचा तो सुमार. इकडे पावसानं तोंड फिरवलं होतं, विहिरी तळाला चालल्या होत्या. अशा वेळी घरच्यांना सोडून परक्या मुलखात जायचं म्हणजे माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

निघण्याआधी माहेरी जाऊन आले. आबा, म्हणजे माझे वडील, दर शनिवारी देवाला तेल वाहायचे. विहिरीवर अंघोळ करून, ओल्या धोतरानं देवाच्या काळ्या शिळेच्या चौथऱ्यावर जायचे. बायकांनी तेव्हा खालूनच हात जोडायचे अशी रीत होती, त्यामुळे माझ्या हातून तेल कधी वाहिलं गेलं नव्हतं. मी आबांना विचारलं की तिकडे शनिवारी काय करू.

आबांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "ह्यो देव घरात ठिवायचा न्हाई. त्याला छप्पर चालत न्हाई. भाईर उघड्यावर एखादा काळा धोंडा बघ आन दोन थेंब सोड. तिथं आमच्यापैकी दुसरं कोन हाय? तूच वाहा तेल."

"पण आबा, तितक्या लांब त्याचं ध्यान राहील का?"

"त्याचं त्याला बघू दे की. तू तुझं कर," एवढंच म्हणून आबा उठले.

लीड्समधलं आमचं घर म्हणजे काळ्या विटांच्या लांबच लांब रांगेतला एक तुकडा. तिथली जुनी घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. मागच्या भिंतीपलीकडे लगेच दुसऱ्याचं घर. मागे अंगण नाही, परसदार नाही, आत-बाहेर करायला पुढचं एकच दार. आणि रस्त्यावर नजर टाकावी तर दारांमागून दारं, सगळी घट्ट मिटलेली. आमच्या गावात कुणाकडे जायचं तर उंबऱ्याशी उभं राहून "हाय का घरात?" अशी हाक मारायची. दिवसातून दहादा कुणीतरी ती हाक मारून जायचं आणि त्या हाकेचा कधीकधी वैतागही यायचा. तिथे आठवडेच्या आठवडे गेले, पण कुणी हाक मारली नाही. बाजरीचं पीठ नव्हतं, ऊन नव्हतं, लुगडी वाळत नव्हती, हे सगळं मी सोसलं. ती हाक नसणं मात्र मला फार जड गेलं.

पहिल्याच दिवशी ह्यांनी मला दार समजावून सांगितलं. "हे बघ, हे ओढलं की आपोआप लागतं. आतून मूठ फिरवली की उघडतं, पण बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाही. म्हणून बाहेर पाऊल टाकताना किल्ली जवळ पाहिजेच." मग किल्लीला एक लाल फीत बांधून ती त्यांनी माझ्यापुढे धरली आणि गळ्यात घाल म्हणाले.

"गळ्यात मंगळसूत्र आहे तेवढं पुरे. किल्ल्या अडकवायला मी काय तिजोरी आहे?"

"अगं, हे शिंगणापूर नाही."

"मग दुधाच्या बाटल्या बाहेर पायरीवर कशा ठेवतात? सकाळपासून पडलेल्या असतात, कुणी हात लावत नाही. दूध कुणी चोरत नाही तर घर कशाला चोरेल?"

हे हसले आणि किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवून कामावर गेले. ती तिथेच राहिली. बाहेर कचरा टाकायला जाताना मी दारात ह्यांचा जुना जोडा अडकवून ठेवायची, म्हणजे दार उघडंच राही. कुलपाला हात लावला की मला उगाच अपराध्यासारखं वाटे. हे बघतील, शेजारी बघतील, याचं काही नव्हतं. तो बघेल असं वाटे. आणि त्याच वेळी मनात दुसरंही येई, की तो कुठला बघायला इथे? समुद्रापलीकडे, इतक्या थंडीत, जिथे त्याचं नावही कुणाला उच्चारता येत नाही, तिथे त्याचं राज्य चालत असेल का? मी गावाकडून निघाले तेव्हा देवाच्या वेशीबाहेर तर पडले नाही ना? विजूला थोपटताना हा विचार हटकून यायचा.

तरी आबांनी सांगितलं होतं म्हणून शनिवार सोडला नाही. आमच्या पायरीच्या बाजूला, खिडकीखाली, कुठल्यातरी पडक्या कुंपणाचा एक काळा दगड पडलेला होता. धुरानं काळवंडलेला, नारळाएवढा. तो मी धुऊन तिथेच उभा केला. तिळाचं तेल कुठे मिळेना. शेवटी औषधाच्या दुकानात कानात घालायच्या तेलाची बाटली मिळाली, अंगठ्याएवढी. हे म्हणाले, "तुझ्या देवाला ऐकू कमी येतं का?" मी म्हटलं, "इतक्या लांबून बोलायचं म्हणजे कान साफ असलेले बरे." असं हसून न्यायची, पण दगडावर दोन थेंब सोडताना हसू मावळायचं. मी पहिल्यांदाच त्याच्या इतक्या जवळ उभी होते आणि तो तिथे आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं.

तो शनिवार थंडी सरत आल्यावरचा होता. दुपारची वेळ. हे दवाखान्यात होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. शनिवारी दुपारी त्या भागात फुटबॉलचा सामना असला की गल्लीत चिटपाखरू उरत नसे, आणि त्या दिवशी सामना होता. शेजारची म्हातारी बहिणीकडे गेलेली. विजूसाठी दूध तापत ठेवलं होतं, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली गादी टाकून त्याला खेळायला सोडलं होतं. तेव्हा तो रांगायचा आणि काही धरायला सापडलं की उभा राहायचा. त्याच खोलीत कोळशाची शेगडी पेटलेली होती. पुढे जाळी होती, पण विस्तव तो विस्तवच. दूध वर यायला वेळ आहे, तेवढ्यात दोन थेंब सोडून येते म्हणून मी तेलाची बाटली घेऊन बाहेर पडले. ह्यांचा दुसरा जोडा भिजला होता म्हणून ते तो जुना जोडा घालून गेले होते, दारात अडकवायला तो जागेवर नव्हता. दार नुसतं लोटलेलं राहील असं धरून मी पायरी उतरले, तेल सोडलं, हात जोडून डोळे मिटले, आणि मागून वाऱ्याचा झोत आला.

दार लागल्याचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. फार मोठा नव्हता. पेटीचं झाकण पडावं तेवढाच. आधी मला त्याचा अर्थही कळला नाही. बिनदाराच्या गावात वाढलेल्या बाईला दार उघडं की बंद याचं भान नसतं. ढकललं, पुन्हा ढकललं, मग खांद्यानं धडक दिली. किल्ली आत खुंटीला. दाराला टपाल टाकायची पितळी फट होती. गुडघ्यावर बसून ती उघडून आत पाहिलं. माझा आवाज ऐकून विजू खोलीतून रांगत बोळात आला. त्याला वाटलं आई खेळते आहे. तो फटीसमोर बसून खिदळायला लागला. त्याच्यामागे स्वयंपाकघर होतं. तिथून दूध उतू जाऊन चुलीवर चुरचुरल्याचा आवाज आला, मग तो आवाज थांबला, आणि थोड्या वेळानं गॅसचा वास आला. ज्योत विझली होती आणि गॅस चालू होता. तो वास शेगडीपर्यंत पोचला तर काय होतं, हे ह्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं.

मी ओरडले. मराठीत ओरडले, इंग्रजीत ओरडले. गल्लीत माझाच आवाज घुमून परत आला. खिडकी फोडायची म्हणून धावले, हाताला जो दगड लागला तो उचलला. उचलल्यावर कळलं की कोणता उचलला. "देवा, माफ कर," म्हटलं, "तुझ्याच पायी बाहेर आले, आता तूच फोड." हात वर केला आणि काचेपलीकडे विजू दिसला. माझ्या आवाजामागे तो परत रांगत खोलीत आला होता आणि खिडकीच्या कडेला धरून, बरोबर काचेखाली उभा राहून माझ्याकडे बघत हसत होता. काच फुटली असती तर सगळी त्याच्या डोक्यावर, डोळ्यांवर. मी दाराशी पळाले, फटीतून हाका मारल्या, तो बोळात आला. खिडकीकडे गेले, तो खिडकीशी. मी जिथे, तिथे तो. त्याला दाराशी रमवायला एक माणूस हवं होतं आणि काच फोडायला दुसरं, आणि मी एकटी होते. त्या वेळी मी देवाला जे बोलले ते काही प्रार्थना म्हणता येईल असं नव्हतं. मी भांडले. म्हटलं, बिनदाराच्या गावात बसून राखण करण्यात काय मोठेपणा? इथे दार आहे, इथे ये आणि दाखव! पुन्हा दगड उगारला, पण तेलानं तो बुळबुळीत झाला होता. हातातून निसटला आणि फरशीवर पडला.

तो पडला तसं मागून कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, "बाजूला हो, बाई."

मी वळून पाहिलं. मध्यम वयाचा गोरा माणूस, लांब राखी कोट, कपाळापर्यंत ओढलेली टोपी. गल्लीत कुठून आला ते दिसलं नाही. समोरच्या घराच्या पायरीवरून आला असावा. मला काही सांगायची गरज पडली नाही. त्याला वास आला होता. त्यानं मला फटीपाशी बसून पोराला दाराशी बोलावून ठेवायला सांगितलं, शेगडीपासून लांब. मी हाका मारत राहिले. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक चपटी, लवचीक पट्टी काढली, दार आणि चौकट यांच्यामध्ये सारली, दुसऱ्या हातानं दार जरासं हलवलं. काय केलं ते मला कळलंही नाही. मी अजून विजूला "ये, ये" म्हणत होते आणि दार उघडलं. विजू डोळे मोठे करून वर बघत होता.

मी आत धावले. गॅस बंद केला, विजूला कडेवर घेतलं, होती नव्हती ती खिडकी उघडली. पोराला छातीशी धरून पायरीवर आले तेव्हा मी मोठ्यानं रडत होते. तो माणूस उंबऱ्याबाहेरच उभा होता. दार सताड उघडं, आत कुणी पुरुष नाही, बाई भानावर नाही, समोरच टेबलावर ह्यांचा नवा ट्रान्झिस्टर आणि मनगटी घड्याळ. त्यानं आत पाऊल टाकलं नव्हतं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आत या, चहा घ्या म्हटलं. त्यानं गल्लीच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली आणि मान हलवली.

"नवऱ्याला सांग, हे कुलूप काही कामाचं नाही," तो म्हणाला. "चांगलं बसवून घ्या. आणि किल्ली जवळ ठेवत जा."

मला काय वाटलं कोण जाणे. इतका वेळ रडणारी मी एकदम ताठ झाले. म्हटलं, "माझ्या गावात घरांना दारंच नाहीत."

"दारं नाहीत?"

"एकाही घराला नाहीत. आमचा देव राखण करतो. कुणी चोरी करत नाही."

तो हळूच हसला आणि म्हणाला, "मग माझ्यासारख्यानं तिथे करायचं काय?"

नको ते बोलून गेल्यासारखं त्याचं त्यालाच वाटलं असावं, कारण त्यानं पट्टी खिशात सारली आणि तो जायला निघाला. जाता जाता तेलकट दगड वाटेत पालथा पडलेला त्याला दिसला. तो वाकला, दगड उचलून खिडकीखाली मी उभा केला होता तसाच उभा केला, बोटांचं तेल कोटाला पुसलं आणि गल्लीच्या टोकाला वळून दिसेनासा झाला. तो दगड काय आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं. आधी विजूला त्यांनी किती वेळ खाली ठेवलं नाही. मग हळूहळू त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला आणि ते म्हणाले, "अगं, असं दार उघडता येणारा माणूस कोण असतो, कळतंय का तुला?"

"कळतंय. शिंगणापूरची आहे, बावळट नाही."

पुढे शेजारच्या म्हातारीनं सांगितलं की मागच्या गल्लीत त्या हिवाळ्यात दोन घरं फुटली होती. सामन्याच्या दिवशीच. हे म्हणाले योगायोग. मी वाद घातला नाही, अजूनही घालत नाही. दगड निसटला तो तेलानं, माणूस आला तो त्याच्या धंद्यावर, हे मलाही समजतं. पण ज्या गावात चोराला थारा नाही त्या गावच्या देवानं परमुलखात माझ्या लेकरासाठी धाडला तो चोर, आणि तोही उंबऱ्याच्या आत न शिरणारा, हे आठवलं की मला हसूही येतं आणि ऊर भरूनही येतो. दुसऱ्या कुणाचा देव असता तर पोलीस धाडला असता. आमच्याचं कामच न्यारं!

त्या दिवसापासून मी किल्ली गळ्यात घालायला लागले. ह्यांना फार आश्चर्य वाटलं, त्यांनी थट्टाही केली. मला मात्र त्यात हार खाल्ल्यासारखं वाटलं नाही. माझ्या ध्यानात आलं होतं की देवानं राखण कशी करायची हेसुद्धा मीच ठरवून बसले होते. दार नसेल तर तो आहे, दार असेल तर तो नाही, असा माझा हिशेब. म्हणजे त्याच्यावर भरवसा आहे म्हणायचं आणि कामाची पद्धत आपण नेमून द्यायची. आबांनी दोन वाक्यांत सांगितलेलं मला समजायला लीड्सची ती दुपार लागली. दार असो, नसो. आपण आपलं करावं, आणि त्याचं त्याला करू द्यावं. हे एकदा मनात बसल्यावर ते शहर मला हळूहळू मानवायला लागलं. म्हातारीच्या दारापुढे उभी राहून मी एक दिवस चक्क हाक मारली, "हाय का घरात?" ती दार उघडून बाहेर आली, आणि पुढे तीच मला तशी हाक मारायला शिकली. तिच्या तोंडची ती नगरी मराठी ऐकून हे पोट धरून हसायचे. विलायतेच्या गल्लीत शिंगणापूरची हाक घुमवणारी मी एकटीच असेन, आणि हे मी आल्यागेल्याला आवर्जून सांगते.

काही वर्षांनी परत आलो तेव्हा विजू चांगला धावत होता. पहिल्याच शनिवारी त्याला घेऊन माहेरी गेले. पडवीत बसून आबांना सगळं सांगितलं. दार लागलं, दूध उतू गेलं, दगड उचलला, देवाशी भांडले, सगळं. मला धाकधूक होती. एक म्हणजे देवाचा दगड काच फोडायला उचलला, आणि दुसरं म्हणजे ज्या गावात चोराचं नाव निघालं की माणसं थुंकतात तिथे मी चोराचे गोडवे गात होते.

माझं सांगून झाल्यावर आबांनी विचारलं, "च्या दिला का त्याला?"

"थांबलाच न्हाई तो, आबा."

"मंग त्याचं आपल्याकडं ऱ्हायलं की." ते उठले, खांद्यावर पंचा टाकला. "नाव काय म्हनला त्यो?"

"नाव न्हाई सांगितलं."

"ऱ्हाऊ दे. देवाला ठावं आसंल."

आबा विहिरीवर गेले, अंघोळ करून ओल्या धोतरानं चौथऱ्यावर चढले. मी विजूचा हात धरून खाली, बायकांमध्ये उभी होते. घरच्या नावानं तेल वाहून झालं. मग त्यांनी दुसरी वाटी मागून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "ही माझ्या लेकीचं दार उघडनाऱ्याच्या नावानं. चोर हाय म्हनत्यात. त्याला संबाळ." आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिलं. शिंगणापुरात, त्या देवापुढे, चोरासाठी तेल वाहिलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. आबांनी मान वळवून कुणाकडे बघितलं नाही. वाटी पालथी होईपर्यंत धार सोडली.

माझ्या वडिलांचा मला आयुष्यात अनेकदा अभिमान वाटला, पण त्या वेळेइतका कधीच नाही. आता आबा नाहीत. शनिवारी माझ्या घरून तेल जातं ते दोन वाट्यांत. एक आमची आणि एक त्या माणसाची.